त्रेचाळीसनं पुढे

सर्व्हरकडून मेसेजनं आलेला शून्याचा आकडा बघून धर्मराज सर इतके खूश झाले, की समोरच्या हॉटेलातून शिवकन्येसाठी त्यांनी स्वतः चहा आणला. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. उभ्या नोकरीत शून्य दिसलं की ते पट्टी काढायचे. हे शून्य मात्र त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि टेबलावर थाप मारली.

"ऊसतोडीला गेलेल्या साडेतीनशे गरोदर बाया. तेवीस दिवस. आन् धोक्याची घंटा एकदाबी न्हाई! उद्या बीडच्या बैठकीत हा आकडा वाचला ना, साहेब लोक उभे ऱ्हातील बघ."

शिवकन्येनं चहा घेतला, पण कप तसाच हातात धरला. साडेतीनशे बाया, भल्या पहाटेपासून उसात वाकलेल्या, आणि तेवीस दिवसांत एकीचाही रक्तदाब वर गेला नाही? शहाण्या माणसानं तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण चांगली बातमी आली की माणूस तिला उलटसुलट करून बघत नाही, आणि सरांनी तर तिला टोपी घालून मिरवणुकीतच बसवलं होतं.

दिंद्रुडच्या मागच्या गल्लीत, सरकीच्या गोदामाला चिकटून पत्र्याची एक खोली होती. तेच संस्थेचं कार्यालय. काम एकच. तोडणीला जाणाऱ्या प्रत्येक टोळीत त्यांनी एक शिकलेली बाई निवडली होती. तिला सगळे सखी म्हणत. सखीकडे रक्तदाबाचं यंत्र आणि एक मोबाइल. दर गुरुवारी तिनं टोळीतल्या गरोदर बायांचा दाब मोजायचा आणि आकडा मोबाइलमध्ये भरायचा. आकडा वाईट असला की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरच्या मोबाइलवर घंटा वाजवायचा. सखीनं अर्थ लावायचा नाही, नुसता आकडा भरायचा. अर्थ लावायचं काम घंटेचं.

यात एक खोट होती. गावात राहणाऱ्या बाईसाठी घंटा वाजे. बाई जिल्हा ओलांडून तोडणीला गेली, की प्रोग्रॅम तिला 'बाहेरगावी' म्हणून बाजूला ठेवी आणि गप्प बसे. म्हणजे जिला गरज, तिलाच घंटा नाही. ही खोट शिवकन्येनं दुरुस्त केली होती. चोवीस वर्षांची पोर, बीसीए झालेली, संस्थेतली एकुलती एक प्रोग्रॅमर. दिवाळी झाल्यावर टोळ्या निघाल्या, त्याच आठवड्यात तिनं बदल केला, की बाई जाईल तिथल्या सिस्टरला घंटा वाजावी.

आणि त्या बदलाच्या भरवशावर तिनं आपल्या मायला शब्द दिला होता.

सत्यभामा ही तिची वहिनी, थोरल्या हनुमानदादाची बायको. सातवा महिना लागला होता. माय, म्हणजे सरस्वतीबाई, सुनेला पाठवायला तयारच नव्हती. "पोटुशी बाई उसात वाकती व्हय? ऱ्हाऊ दे तिला हितं." पण तोडणीत कोयता जोडीचा असतो, नवरा-बायको मिळून एक. एकट्या गड्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो आणि टोळीत घ्यायला तोंड वाकडं करतो. दादा गप्प, वहिनी गप्प, दारात ट्रॅक्टर उभा. तेव्हा शिवकन्या मध्ये पडली.

"माय, जाऊ दे तिला. आता घंटा हाय."

तिनं ओसरीवर लॅपटॉप उघडला, चाचणीच्या यादीत वहिनीचं नाव घातलं आणि पुढं दाब लिहिला, एकशे साठ-एकशे दहा. तिचा मोबाइल असा काही टणटणला की दावणीची शेळी उड्या मारायला लागली. सत्यभामेनं तोंडावर पदर घेतला आणि हसून हसून भिंतीला टेकली. "ताई, माझ्यापायी येवढी मोठी घंटी?"

मायनं शेळीला थोपटून शांत केलं. मग म्हणाली, "आसं आसंल तर जाऊ द्या."

सून गेली ती लेकीच्या शब्दावर. सरांचा चहा कपात निवत होता तो यामुळं. आणि काल सत्यभामेचा फोन आला होता. म्हणत होती, "ताई, डोकं लई दुखतंय वं. पायबी असले सुजलेत, चप्पल आत जाईना." त्यावर शिवकन्या काय म्हणाली? "काही वाईट असतं तर घंटा वाजली असती, वहिनी. ऊन लागलं असंल. जरा पड." हे बोलताना ती एका हातानं शेंगा सोलत होती.

आता तिनं कप बाजूला ठेवला, लॅपटॉप उचलला आणि गोदामाच्या पायरीवर येऊन बसली. खोलीत नेट नव्हतंच. रस्ता रुंद करताना वर्षापूर्वी केबल तुटली, ती जोडायला अजून कोणी फिरकलं नव्हतं. पायरीवर मोबाइलचं नेट नसलं तरी निदान फोन लागायचा. तिनं प्रविणला लावला.

प्रविण तिच्या आधीचा प्रोग्रॅमर. हे सगळं त्यानंच उभं केलेलं. दिवाळीत पुण्याची नोकरी लागली आणि गेला. शिवकन्येला त्यानं चार महिने हाताखाली शिकवलं होतं, एकाच लॅपटॉपवर. दिवसा ती काम करायची, संध्याकाळी लॅपटॉप प्रविणच्या पाठीवरच्या पिशवीत जायचा.

"प्रविणदादा, घंटेचा बदल सर्व्हरवर चालू हाय ना?"

"मला कावून विचारतीस? आता तूच ढकलतीस ना."

"ढकलते की. रोज. आन् रोज शेवटी अप टू डेट येतं."

हे खरं होतं. गिट नावाची एक सोय असते. कामात केलेला प्रत्येक बदल ती तारखेनिशी जपते. मूळ कामाला, म्हणजे 'मेन'ला, हात न लावता आपलं नवं काम एका वेगळ्या फाट्यावर करायचं, इंग्रजीत त्याला ब्रँच म्हणतात. त्या फाट्यानं कोणाकडं बघून आपलं पुढं-मागं मोजायचं, हे एकदा बांधून दिलं की गिट दर वेळी सांगतं: इतक्यानं पुढं आहात, इतक्यानं मागं, किंवा बरोबर आहात. शिवकन्येच्या फाट्याचं नाव होतं 'जोखीम'. रोज संध्याकाळी ती पुश म्हणून काम ढकलायची, मग स्टेटस विचारायची, 'तुमचा फाटा मेनशी अप टू डेट आहे' ही ओळ वाचायची आणि निवांत मनानं लॅपटॉप मिटायची. देवापुढं दिवा लावल्यासारखा तिचा तो नेम झाला होता.

"कशाशी अप टू डेट?" प्रविणनं विचारलं.

"मेनशी."

"नुसतं मेन, का ओरिजिन मेन?"

"नुसतं मेन. कावून?"

फोनमधून पुण्याच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत राहिले.

"दादा?"

"गिट ब्रँच टाक. म्होरं डॅश, आन् दोन व्ही. काय येतं ते वाच. काय गाळू नको."

तिनं टाकलं. दोनच ओळी आल्या. "जोखीम, कंसात मेन. आन् खाली, मेन, कंसात ओरिजिन मेन, अहेड त्रेचाळीस." वाचून तिला उलट बरंच वाटलं. "अहेड म्हणजे पुढं ना? आपण पुढंच हाव की!"

"शिवकन्ये," प्रविणचा आवाज एकदम खाली गेला, "ओरिजिन म्हणजे सर्व्हर. नुसतं मेन म्हणजे आपल्याच लॅपटॉपातली नक्कल. पुढं म्हणजे बाहेर न गेलेलं. त्रेचाळीस बदल अजून तुझ्या मांडीवर हायत."

"आन् मी रोज ढकलत होते ते?"

"पुश केल्यावर 'टू' म्हणून एक ओळ येती. तिच्या म्होरं काय दिसायचं?"

शिवकन्येला ते आठवलं. टू, आणि पुढं नुसता एक ठिपका. रोज दिसायचा. तिला वाटायचं वाक्य संपल्याचा ठिपका असेल.

"ठिपका."

"ठिपका म्हणजे हितंच. ह्याच घरात. तुझा फाटा मीच लॅपटॉपातल्या मेनला बांधलेला. खोलीत नेट न्हवतं, मग दुसरं काय करणार? दिवसभर तू त्याच्यात ढकलायचीस, आन् संध्याकाळी मी माळावर जाऊन तिथनं सर्व्हरवर ढकलायचो. तू माळावर जात व्हतीस ना?"

"कुठल्या माळावर?"

"म्हसोबाच्या! निरोपाच्या दिवशी सगळ्यांम्होरं सांगितलं की तुला. माळावर जात जा, सोडू नको म्हणून!"

सांगितलं होतं, अगदी खरं. शाल-नारळ हातात घेऊन सांगितलं होतं. आणि सगळी खोली फिदीफिदी हसली होती, शिवकन्या सगळ्यात जास्त. कारण प्रविण रोज दिवस कलला की पाठीला पिशवी लावून म्हसोबाच्या माळावर जातो, तो तेलगावच्या कुठल्यातरी पोरीशी तासभर बोलायला, हे अख्ख्या गल्लीला पक्कं ठाऊक होतं. गोदामाचे हमालसुद्धा त्याला "वैनी बरी हाय का?" म्हणून विचारायचे. तो बिचारा लाजायचा आणि किक मारायचा. माळावर नेट भरपूर लागतं आणि त्या पिशवीत संस्थेचा लॅपटॉप असतो, या दोन गोष्टी एकत्र करून बघायचं चार महिन्यांत कोणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्या गावाला ती पोरगीच हवी होती ना!

शिवकन्येच्या मांडीवरचा लॅपटॉप घसरला, तो तिनं कसाबसा धरला. समोर हमाल पोती उतरवत होते, त्यांचे आवाज कुठूनतरी लांबून येताहेत असं वाटायला लागलं. तेवीस दिवस. तेवीस दिवस रोज तिनं आपल्या हातानं काम ह्या घरातून उचलून ह्याच घरात ठेवलं होतं. आणि वहिनीला म्हणाली होती, जरा पड. लॅपटॉप छातीशी धरून तिनं पायरीवरूनच सरांना हाक मारली.

सर धावत बाहेर आले. "काय झालं गं?"

"सर, ते शून्य खोटं हाय. घंटा बायांची तब्येत चांगली म्हणून गप्प न्हवती. सर्व्हरवर घंटाच न्हाई."



तिनं दादाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुपारचे बारा वाजलेले, उसाच्या फडात कोण फोन उचलणार? वहिनीकडं वेगळा फोन नव्हता. टोळीची सखी छबुबाई, तिचा मोबाइल गुरुवार सोडून बंदच असायचा. तिकडच्या सिस्टरचा नंबर शिवकन्येजवळ नव्हता. तो सर्व्हरच्या यादीत होता, आणि यादी बघायलाही नेट लागणार होतं.

"सर, बसा गाडीवर."

तिनं स्कूटी काढली. मागं सर बसले, बासष्ट वर्षांचे, लॅपटॉप नातवासारखा पोटाशी धरून. कच्च्या रस्त्यानं गाडी उडत होती आणि सर दर खड्ड्याला "पोरी, सावकाश" म्हणत होते. मग आपणच म्हणाले, "न्हाई न्हाई, चल तू."

म्हसोबाच्या देवळाशेजारी एक सपाट धोंडा होता. त्याला टेकून बसायला मातीत खळगा पडलेला. प्रविणची जागा. शिवकन्येनं लॅपटॉप धोंड्यावर ठेवला, मोबाइलचं नेट जोडलं. घाईत दोनदा चुकीचं अक्षर पडलं. फोनवर प्रविण एकेक शब्द सांगत होता. आधी सर्व्हरकडची ताजी माहिती ओढून घेतली. तिकडून नवीन काही आलेलं नव्हतं, इकडचंच तुंबलं होतं. मग तिनं मेन ढकललं.

टू, आणि ह्या वेळी ठिपका नव्हता. सर्व्हरचा लांबलचक पत्ता होता. त्रेचाळीस बदल अर्ध्या मिनिटात गेले. तेवीस दिवस अडकलेली गोष्ट अर्ध्या मिनिटाची होती, हे बघून तिला रडू फुटलं. "रडू नको," प्रविण म्हणाला. "धा मिनिटं दे. सर्व्हर उचलंल."

दहा मिनिटं सर म्हसोबापुढं हात जोडून उभे राहिले. एरवी अंधश्रद्धेवर भाषणं देणारा हा माणूस. शिवकन्या यादीकडं बघत होती. शून्य. शून्य. शून्य. मग एक.

मग चार. मग नऊ.

नऊ नावं लाल रंगात एकाखाली एक आली. प्रोग्रॅमनं तेवीस दिवसांचे आकडे उलटून बघितले होते. चौथं नाव होतं सत्यभामा हनुमान. गेल्या गुरुवारी एकशे अठ्ठावन्न-एकशे चार. त्याच्या आधीच्या गुरुवारी एकशे पन्नास-शहाण्णव. छबुबाईनं आकडे नेमानं भरले होते, एकही गुरुवार चुकवला नव्हता. नावापुढं सिस्टरचा नंबर होता, चंद्रभागाबाई. शिवकन्येनं तो लावला.

"कोण? हा, बेल आली मला आत्ताच," पलीकडून दमलेला आवाज आला. "गाडी काढायलाच सांगितलंय. पण बाई, हा आकडा गेल्या गुरुवारचा आहे. आज कसा पाठवला?"

शिवकन्या नुसती म्हणाली, "लवकर जा, सिस्टर. माझी वहिनी हाय."

दोन तासांनी दादाचा फोन आला. फडातूनच उचलून नेलं होतं, दाब एकशे सत्तरच्या वर गेला होता. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र गेली असती तर झटके आले असते. औषध सुरू झालंय. बाई बरी हाय, पोटातलं लेकरूबी बरं हाय. दादा बोलता बोलता रडायला लागला. "तुझ्या घंटीनं वाचवलं बघ, शिवा."

तिनं फोन बंद केला. मग यादीतल्या बाकीच्या सिस्टरांना एकेक करून फोन लावायला घेतले.

पाच वाजता चंद्रभागाबाईंनीच पुन्हा फोन केला. त्यांच्या हद्दीतल्या तीन नावांपैकी दोघींना त्यांनी गाठलं होतं. "तिसरी, पाटोद्याकडची रोहिणी. तुमच्या यादीत सगळ्यात वर आहे ती. तिचा आकडा तेरा दिवसांपूर्वीचा. एकशे सत्तर-एकशे दहा."

"हां सिस्टर. गावली का ती?"

"मी आता तिच्या कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीवर, जाऊन आले. नऊ दिवस झाले. बाळ पोटातच गेलं. बाई वाचली. बेल तेव्हाच आली असती तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "उरलेल्या नावांचं बघा. ठेवते."

घरी गेली तर दारात चपलाच चपला. मायनं अख्ख्या आळीला साखर वाटली होती. "मोबाइलातनं माझी सून वाचवली माझ्या लेकीनं!" असं ती प्रत्येक बाईला पहिल्यापासून सांगत होती, शेळीच्या उड्यांसकट. शिवकन्येला बघताच तिनं चिमूटभर साखर लेकीच्या तोंडात घातली. शिवकन्या मागच्या दारानं न्हाणीत गेली आणि साखर थुंकून आली. मायला काय सांगणार होती ती? की वहिनी वाचली ती माझ्या घंटेमुळं नाही, सरांना शून्याचा आनंद झाला आणि मला शंका आली म्हणून?

रात्रीतून उरलेल्या सहाही जणींना गाठल्याचे निरोप आले होते. सकाळी सर लवकर आले. बैठकीचा कागद त्यांनी पुन्हा लिहून आणला होता. "नऊ घंटा वाजल्या, आठ जणींवर वेळेत उपचार. हेबी वाईट न्हाई. आन् ते तेवीस दिवसांचं... कागदावर आणायची काय गरज हाय, पोरी? संस्था बुडंल."

शिवकन्येनं कागद घेतला आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: त्रेचाळीस बदल तेवीस दिवस कार्यालयातल्या लॅपटॉपवरच राहिले. मी रोज बघत होते, पण कशाशी ताडून बघतेय ते बघितलं नाही. खाली सही केली. सरांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि तिच्या सहीखाली आपली केली.

सर तो कागद घेऊन बीडला निघाले आणि ती लॅपटॉप घेऊन म्हसोबाच्या माळावर गेली. धोंड्याला टेकून तिनं रोहिणीच्या टोळीच्या सखीला फोन लावला. तो दिवस गुरुवारचा होता, म्हणून लागला. सखीनं फोन रोहिणीकडं दिला.

"कोण बोलतंय?"

"मी शिवकन्या. दिंद्रुडहून. तुमचा दाब वाढला की सिस्टरला घंटा वाजायला पाहिजे होती. ती घंटा माझ्याकडं होती. तेरा दिवस वाजली न्हाई. माझी चूक झाली, ताई."

पलीकडून उसाच्या पाचटावर पावलं वाजल्याचा आवाज येत होता. शिवकन्येनं डोळे मिटून घेतले. शिव्या आल्या तर ऐकायच्या, हे तिनं ठरवलंच होतं.

"वाजली आसती," रोहिणी हळू म्हणाली, "तर कुणी आलं आसतं का पर?"

"सिस्टर आल्या असत्या. काल आल्या तशा."

"गाडी घिऊन?"

"हो. गाडी घेऊन."

मग एक हुंदका, तो तिनं तिथंच आवरला.

"आमाला वाटलं, मशीनीत लिव्हत्यात ते नुसतं लिव्हायला," ती म्हणाली. "कोपीवर अजून दोघीजणी हायत. येकीला सहावा, येकीला आठवा. लाजत व्हत्या, म्हणून त्यांची नावं दिलीच न्हाईत सखीला. मी सांगते. घ्या लिहून."

शिवकन्येनं लॅपटॉप धोंड्यावर उघडला आणि पहिलं नाव विचारलं.